होडीच्या यंत्राचा पंखा बदलताना

खाडीतील खडकावर आपटून आऊटबोर्ड यंत्राच्या पंख्याचे पाते वाकले किंवा मोडले, म्हणजे पुष्कळ मच्छीमार मिळेल तो पंखा बसवून मोकळे होतात. जास्त पिचचा पंखा होडी जास्त वेगाने नेतो, अशीही समजूत आढळते. भरलेल्या होडीच्या बाबतीत ती खोटी ठरते.

पंख्यावर सामान्यतः दोन आकडे असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा. पाण्यात मुळीच न घसरता पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे जाईल, तितका त्याचा पिच. पिच वाढला की यंत्रावरील भार वाढतो व फेरे घटतात. एका इंचामागे मिनिटास सुमारे १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणून जाळी, बर्फ व माणसे घेऊन होडी पूर्ण वेगाने चालवावी आणि फेरे मोजवून घ्यावेत. ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत चढत नसतील, तर कमी पिचचा पंखा निवडावा. सदैव दडपलेले यंत्र लवकर निकामी होते.

पंखा काढण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार सोडवून ठेवावी. हाताने पंखा फिरविताना यंत्र अकस्मात सुरू झाल्यास बोटे जातात. पाते व त्यावरील आडवा पत्रा यांत लाकडी ठोकळा अडकवून नट सोडवावा. दांड्यावर जाळ्याचा नायलॉन दोरा बहुधा गुंडाळलेला सापडतोच. तो सील कापतो, मग गिअरपेटीत पाणी शिरून तेल दुधाळ होते. दोरा काढून दांड्यास ग्रीस लावावे व वॉशर पूर्वीच्याच क्रमाने घालावेत. कॉटर पिन मात्र नवीच हवी. जुनी तुटली व नट सुटला, तर नवा पंखा खाडीच्या तळाशी जातो.