वळिवड्याची छावणी

निर्वासितांच्या छावण्यांविषयीं वृत्तपत्रांत वाचणाऱ्या आमच्या खराडीच्या विद्यार्थ्यांस, अशी एक छावणी महाराष्ट्रांतच होती हें बहुधा ठाऊक नसेल. कोल्हापुराजवळ मिरजेच्या लोहमार्गावर वळिवडें हें गांव आहे. तेथें इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश लोक राहत होते.

१९३९ सालीं जर्मनी व सोव्हिएत रशिया ह्यांनीं पोलंड वांटून घेतला, आणि पुढें पूर्व भागांतील लक्षावधि लोकांस रशियनांनीं सैबेरिया व कझाकस्तान येथें नेऊन टाकलें. १९४१ सालीं जर्मनीनें रशियावरच चाल केली, तेव्हां त्यांची सुटका झाली. १९४२ सालीं त्यांतील पुष्कळजण आपल्या सैन्याबरोबर इराणांत उतरले. पुरुष युद्धावर गेले; बायकामुलें व वृद्ध मागें राहिलीं. कोल्हापूर संस्थानांतील ही छावणी मुख्यत्वें त्यांच्यासाठीं होती.

छावणीचा खर्च लंडन येथें आश्रयास असलेलें पोलिश सरकार करीत असे. तेव्हां औदार्याचें सारें श्रेय आपणांकडे घेणें योग्य नव्हे. (त्याच वर्षीं बंगालांत आपलींच माणसें अन्नावांचून मरत होतीं.) तथापि साहाय्याची तेथील रीत अभ्यासण्याजोगी आहे. कुटुंबागणिक वेगळें बिऱ्हाड होतें व चूलही वेगळी. अन्न देणारा पुष्कळदां घेणाराच्या हातांतील पळी काढून घेतो. ती येथें त्या बायांच्या हातीं राहिली. देवालय, रुग्णालय, नाटकें, बालवीरांचीं पथकें हीं सर्व त्यांनींच चालविलीं. शाळा पोलिश भाषेंत भरत, कारण मुलें एक दिवस स्वदेशीं परततील हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

परंतु परतण्यास तें घर उरलें नाहीं. १९४५ सालीं पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे गेला, आणि ब्रिटननें लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. पैसा बंद झाला. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य-संस्थेनें भार उचलला. कोणी इंग्लंडास गेले, कोणी ऑस्ट्रेलियास, थोडे पोलंडासही. एखादी तरुणी लग्न करून कोल्हापुरांतच राहिली. वॉर्सा शहरांत आज कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे.

बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहींत. १९४७ च्या फाळणीनें घरदार गमावलेलीं सिंधी कुटुंबें तेथें येऊन उतरलीं. पोलिश लोकांस निदान कांहीं काळ परतण्याची आशा होती. ह्यांनीं आल्यावर दुकानें मांडलीं. ती वस्ती आतां गांधीनगर म्हणून ओळखली जाते, व लग्नसराईंत आसपासच्या गांवांतील लोक तिच्या पेठेंत कापड घेण्यास जातात.