भंडारदऱ्याला सायकल न्यायची आहे? आधी हा हिशेब करा

शेंडीहून निघून भंडारदरा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता साधारण 40 ते 45 किलोमीटरचा आहे. मुरशेत, उडदावणे, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. कुठे डांबर, कुठे उखडलेले डांबर, कुठे नुसती खडी आणि मुरूम. चढ सतत आहेत, पण जीवघेणे नाहीत. आडवारी सकाळी निघालात तर बराच वेळ गाडीचा आवाजही येत नाही. खडीच्या शांत रस्त्यांसाठी लोक फ्रान्सच्या डोंगराळ भागात जातात. तिथे प्रौढाचे शेंगेन व्हिसा शुल्कच जून 2024 पासून 90 युरो आहे, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वर, आणि अर्ज केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्यात तेवढ्यात दोघांचे दोन दिवस निघतात, फक्त सायकल शेंडीपर्यंत कशी पोहोचवायची हे आधी ठरवा. पैसे तिथेच जातात.

मुंबईकडून येणाऱ्यांसाठी इगतपुरी आणि घोटी ही जवळची स्थानके. रेल्वेत सामानाची जी मोफत मर्यादा असते, ती सायकलला लागू नाही. पार्सल कार्यालयात नोंद करावी लागते. सोबत प्रवासाचे तिकीट, आधार कार्ड आणि सायकलचे बिल न्या. फ्रेम नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नियमाने गाडीच्या वेळेआधी किमान अर्धा तास लागतो, तुम्ही दीड तास हाताशी धरा. खिडकीवर ‘लगेज’ म्हणून नोंदवायचे आहे, ‘पार्सल’ म्हणून नाही, हे स्पष्ट सांगा. लगेज तुमच्याच गाडीने येते, पार्सल मागाहून कधीतरी. मूल्य जाहीर न करता नोंद केलीत तर नुकसानीची भरपाई वजनावर, किलोमागे 100 रुपयांच्या हिशेबाने मिळते. महागडी सायकल असेल तर मूल्य जाहीर करून जादा टक्केवारी भरा. हमालीचा दर आधी ठरवा, ती पावतीत नसते. उतरल्यावर सायकल लगेच ताब्यात घ्या, मुदतीनंतर पडून राहिली तर स्थानभाडे लागते.

लोकलने कसाऱ्यापर्यंत यायचे असेल तर मालडबा आणि लगेज तिकीट. पहाटेची लोकल धरा, गर्दीच्या वेळी या भानगडीत पडू नका. कसारा किंवा घोटीहून शेंडीला जीप करावी लागते. भाडे प्रवाशांमागे नाही, गाडीमागे ठरवा आणि टपावर सायकल बांधण्याचे पैसे त्यातच आहेत असे वदवून घ्या. दोरी आणि जुनी चादर तुमची असावी, नाहीतर फ्रेमचा रंग जातो. परतीची गाडी त्याच वेळी ठरवू नका. रविवारी दुपारी शेंडीहून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या असतात, तेव्हा भाव करता येतो.

पुण्याहून एसटीने यायचे तर संगमनेर, अकोले, राजूर. टपाला कॅरिअर नसलेल्या बसमध्ये सायकल जाणार नाही, म्हणून आरक्षणाआधी आगारात विचारा. चौघे असाल तर स्वतःची चारचाकी आणि मागे लावायचा रॅक हे सर्वांत स्वस्त. कोल्हार–घोटी मार्गावर राजूर ते बारी सायकल चालवण्याचा मोह टाळा. शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते.

कधी जायचे? ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात घाटघर परिसरात प्रचंड पाऊस पडतो, धुके उतरते आणि खडीचा चिखल होतो. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीचे काजव्यांचे दिवस सायकलसाठी सर्वांत वाईट. रात्रभर गाड्यांची वर्दळ, मुक्कामाचे दर चढलेले. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथल्या काही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये प्यायचे पाणी लांबून आणावे लागते. दारात हंडा दिसला म्हणून बाटल्या भरून मागू नका. निघतानाच दोन मोठ्या बाटल्या भरा, वाटेत दुकानातून विकत घ्या.

हा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर माणशी प्रवेशशुल्क असते, वाहनाचे वेगळे. सायकलला वाहन धरून पैसे मागितले तर दरफलक दाखवायला सांगा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्या आणि ती संपूर्ण फेरी होईपर्यंत जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर तीच दाखवायची असते. दोघांनी नाके, वाहनतळ आणि किरकोळ शुल्क मिळून 300 रुपये बाजूला काढून ठेवले की पुरे.

मुक्काम शेंडीत किंवा रतनवाडीत. जलाशयाकाठच्या तंबूला रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी 1,200 ते 1,500 रुपयांवर जाऊ नका. ठरवताना चार प्रश्न विचारा: शेकोटीचे वेगळे पैसे आहेत का? सायकल रात्री कुठे ठेवायची? मोबाइल चार्ज होईल का? शौचालय किती जणांत? आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. हॉटेलची खोली घेणार असाल तर दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या भाड्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. जुना 12 टक्के लावलेला दिसला तर तिथेच बोला. मूळ आधार कार्ड जवळ हवे, फोटोवर सगळीकडे भागत नाही. माझे मत विचाराल तर तंबूपेक्षा रतनवाडीतले घर बरे. नाचणी किंवा तांदळाची भाकरी, पिठले, भात असे पोटभर जेवण मिळते आणि पैसे थेट त्या घरात जातात. दर आदल्या दिवशी फोनवर ठरवा, ऐनवेळी पोहोचून चुलीची अपेक्षा करू नका.

सायकल कोणती? नवी घ्यायची घाई नको. तुमच्या हायब्रिड किंवा एमटीबीला 38 ते 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असेल तर ही फेरी होते. पातळ टायरची रोड बाईक मात्र घाटघर–साम्रदच्या तुकड्यावर तुम्हाला रडवेल. घ्यायचीच असेल तर सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासूनच 12 वरून 5 टक्के झाला आहे, बिलात तपासा. भाड्याने आणणार असाल तर अनामत, उशिराचा दंड आणि ओरखड्याचे पैसे लिहून घ्या, निघताना चारही बाजूंनी फोटो काढा.

संगमनेर सोडल्यावर गिअरच्या सायकलीचे सुटे भाग मिळतील या भरवशावर राहू नका. गावातला सायकलवाला पंक्चर उत्तम काढतो, पण प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याचा पंप बसत नाही. शंभर रुपयांच्या आतला पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. त्यासोबत दोन ट्यूब, ब्रेक पॅडचा एक जोड, साखळीची जोडकडी. रोख दोन हजार सुट्ट्या नोटांत असू द्या. रतनवाडी–साम्रदकडे नेटवर्क दगा देते, तेव्हा यूपीआय चालत नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या. पडझड झाली तर राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. 108 ची रुग्णवाहिका मोफत असते, फोन मात्र नेटवर्क असलेल्या ठिकाणाहूनच लागेल.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने सकाळी साडेसहाला निघावे. थांबे धरून सात-आठ तास लागतात. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराला अर्धा तास द्या. साम्रदची सांदण दरी त्याच दिवशी करू नका, तो वेगळा दिवस आहे. जास्त चढ हवा असेल तर राजूरहून शिरपुंजे, आंबित, कुमशेतकडे वळा. गर्दी आणखी कमी, दुकानेही तितकीच कमी.

अहिल्यानगर (जुने नगर) शहरात राहत असाल तर आधी घराजवळ सराव करा. हिवरे बाजार सोळा-सतरा किलोमीटरवर आहे, डोंगरगण आणि वांबोरी घाट तेवढ्याच टप्प्यात. खर्च चहा-नाश्त्याचा. इथे त्रास दगडांचा नाही, बाभळीच्या काट्यांचा आणि सराट्यांचा, म्हणून टायरमध्ये लायनर घाला किंवा ट्यूबलेसमध्ये सीलंट ताजे ठेवा. पाटाच्या कडेचा रस्ता सपाट आणि रिकामा असतो, पण तो जलसंपदा विभागाचा आहे. फाटक बंद असेल तर सायकल उचलून पलीकडे टाकू नका. आणि पारनेर-राहुरीकडे पसरलेल्या के. के. रेंजमधल्या वाटा नकाशावर कितीही सरळ दिसल्या तरी तिकडे जाऊ नका. तिथे लष्कराचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव चालतो आणि न फुटलेला दारूगोळा जमिनीत असू शकतो. दहा किलोमीटर वाचवण्यासाठी गुगलने तिकडून वाट दाखवली तरी मुख्य रस्त्यानेच वळसा घ्या.