हगवणीवरचे साखर-मीठ-पाणी घरोघर कसे पोहोचले



पाण्यासारखी हगवण लागलेले मूल दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. तरीही पुष्कळ घरांत वडीलधारी माणसे सांगतात, "पाणी तोडा, म्हणजे हगवण थांबेल." पीक सुकत असताना पाटाचे पाणी बंद करावे, तसाच हा प्रकार!

एके काळी यावर शिरेतून सलाईन देणे हाच खात्रीचा उपाय समजला जाई. नुसते मीठ-पाणी पाजले तर पटकीच्या रोग्याच्या आतड्यात ते मुरत नसे. 1960 नंतरच्या दशकात संशोधकांना उमगले की मिठाबरोबर ग्लुकोज, म्हणजे एक प्रकारची साखर, असली तर आतडे दोन्ही ओढून घेते व त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. एका जुवाला जुंपलेली ही बैलजोडी आहे. एकट्या बैलाने गाडी हलत नाही. 1968 साली ढाक्याच्या डॉक्टरांनी पटकीच्या रोग्यांवर हे सिद्ध करून दाखवले.

पण दवाखान्यात सिद्ध झालेले लोकांपर्यंत जाईलच असे नाही. 1971 साली पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे भारतात आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा मिसळून पिशव्या भरवल्या, पिपांत पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. सलाईन अपुरे असताना 30 टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांत 4 टक्क्यांच्या आत आले. अनेक जाणकारांचा मात्र आयांच्या हाती औषध देण्यावर विश्वास नव्हता.

तो विश्वास बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने खरा ठरवला. 1980 ते 1990 या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या सुमारे 1 कोटी 20 लाख घरांत गेल्या. पत्रके वाटून त्या परतल्या नाहीत. प्रत्येक आईकडून तिच्याच घरात चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी कालवून घेतले. महिन्याभराने दुसरा माणूस जाऊन आईला काय आठवते ते विचारी, आणि त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरे! आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांना ही परीक्षा लावली तर आम्हा शिकवणाऱ्यांची पंचाईतच व्हायची.

एवढे करूनही आरंभी फार थोड्या घरांत ते पाणी वापरले गेले. शोध घेता आढळले की खुद्द काही कार्यकर्त्यांचाच त्यावर भरवसा नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना तर कोणी विचारलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना हे पाणी आतड्यात कसे काम करते ते नीट समजावले आणि पुरुषांशी बाजारात, मशिदीत बोलणे सुरू झाले. त्यानंतर वापर वाढला.

आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हगवण झालेल्या बालकांपैकी सुमारे 60 टक्क्यांनाच ओआरएस मिळाले होते. म्हणून बापांनीही हे शिकून घ्यावे.

आशाताईंकडून ओआरएसची पुडी मिळाली तर तीच उत्तम. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण कालवावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, घोटघोट पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध व जेवण तोडू नये. झिंकच्या गोळ्या मिळाल्यास 14 दिवस पुऱ्या कराव्यात.

मूल मलूल पडले, पिईना, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा ओकारी थांबेना, तर पाणी पाजत पाजतच तडक दवाखाना गाठावा. कालवलेले पाणी 24 तासांनंतर ओतून द्यावे आणि नवे करावे.