सोडलं, सोडून दिलं, सोडून टाकलं

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला पोरांना इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. साध्या वाक्यांपर्यंत गाडी बरी चालायची. पुढे ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’ ही मंडळी आली की पोरांचे चेहरे पडायचे. खरं सांगायचं तर माझाही पडायचा, फक्त तो फळ्याकडे असायचा. थांबणं, संपणं, ठरवणं ही रोजचीच कामं, पण इंग्रजीत त्यांना इतके फाटे फुटतात की मी अजून ठेचकाळतो. त्यातल्या काही ठेचा इथे मांडतो.

१. अर्थ पाठ असला म्हणजे शब्द आपला होत नाही. मला हे कळायला पुतण्याचं लग्न लागलं. तारीख एप्रिल २०२० ची होती आणि २५ मार्चला देशभर लॉकडाउन लागलं. पुण्याहून त्याचा फोन आला, “काका, लग्न पुढे ढकललं, हे ऑफिसला इंग्रजीत कसं कळवू?” मी किराणा शोधायच्या गडबडीत होतो. म्हणालो, “लिही, कॉल्ड ऑफ.” संध्याकाळपर्यंत त्याला सांत्वनाचे मेसेज सुरू झाले. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असंही कुणीतरी लिहिलं. नवरीची एक मैत्रीण त्याच ऑफिसात होती, त्यामुळे रात्री व्याह्यांचा थेट मला फोन, “गुरुजी, आमचं काही चुकलं का?” ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं आणि ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्दच करणं, हे मी दरवर्षी फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आलो होतो. लग्न डिसेंबरात झालं. पंगतीत मला जिलेबी वाढताना पुतण्या म्हणाला, “काका, ही पण कॉल ऑफ करू का?”

२. इंग्रजीला क्रियापदामागे शेपूट लावायची खोड आहे, असं मी वर्षानुवर्षं हसत सांगायचो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, मग ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे का नाही? एकदा मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “सर, आपलं बी तसंच हाये की. सोडलं, सोडून दिलं, सोडून टाकलं.” फरक सांग म्हटलं, तर तिने तो तिथल्या तिथे सांगितला. शाळा सोडली म्हणजे दाखला नेला, सोडून दिली म्हणजे जमलं नाही, सोडून टाकली म्हणजे डोकं फिरलं. वर्ग हसला. मी मात्र त्या ‘देणे’पाशी अडकलो. हार मानताना इंग्रज ‘गिव्ह’ म्हणतो आणि आपणही ‘देतो’च. कुणाला देतो, काय देतो, हे दोघांनाही सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी तर्खडकरांच्या पाठमालेची पानं चाळत होतो, आणि किल्ली माझ्याच तोंडात होती.

३. उपास सुटतो आणि उपास मोडतो, हे आपल्याकडे दोन वेगळे प्रसंग आहेत. चतुर्थीला राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन, चंद्र बघून उपास सोडायचा. दुपारी चुकून फरसाण तोंडात गेलं तर तो मोडला. इंग्रजी दोन्हींना ‘ब्रेक’च म्हणते, आणि सकाळच्या न्याहारीलाही तेच नाव देते. आमच्याच जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत, मनोज जरांगे पाटलांनी १४ सप्टेंबर २०२३ ला सतराव्या दिवशी मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सोडलं, पण आंदोलन चालूच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोरांना विचारलं, आता ‘कॉल्ड ऑफ’ म्हणायचं का? निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. एकाने विचारलं, “सर, नेमकं काय कॉल ऑफ झालं ते आधी सांगा ना.” व्याकरणाच्या तासाला मला इतका चांगला प्रश्न क्वचितच कुणी विचारला.

४. ‘कट डाउन’चा अर्थ सांगताना मी जपून असतो. २०१२-१३ चा दुष्काळ होता. टँकरचं पाणीही पुरेना, तेव्हा जालना जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, पुष्कळांनी त्या तोडून टाकल्या. ‘कट डाउन’ म्हणजे कमी करणे, असं मी शिकवत होतो. चहातली साखर कमी करा, मोबाइल कमी करा, अशी माझी ठरलेली उदाहरणं. एक पोरगा खाली बघत म्हणाला, “सर, बाबानी बाग कट डाउन केली.” वाक्य अचूक होतं. त्या दिवशी मी पुढचं उदाहरण दिलं नाही.

५. आपल्याला शेवट तोंडाने म्हणवत नाही. पाऊस थांबला की तो ‘उघडला’. दुकान बंद करायचं तर ते ‘वाढवायचं’. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. घरातून निघताना ‘येतो’. इंग्रज फोन ‘हँग अप’ करतो, कारण जुन्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर आकड्याला अडकवावा लागे. आपण ‘ठेवतो’, तेही आधी विचारून. “ठेवू का?” “ठेवा.” “बरं, ठेवतो मग.” आणि त्यानंतर म्हशीच्या दुखण्यावर पाच मिनिटं.

६. ठरवण्याच्या बाबतीत मी स्वतःच कच्चा. ‘मेक अप युवर माइंड’ ऐकून पोरं मनाला पावडर लावायची. मी त्यांना हसलो, पण माझ्या आयुष्यात मी काय ठरवलं ते आठवायला बसलो तर हाती ‘ठरलं’ एवढंच येतं. सुपारी फुटली, लग्न ठरलं. ऑर्डर आली, नोकरी ठरली. ठरवणारा कुणी वेगळाच आणि मी आपला कर्मणी प्रयोगात. घरी काही विचारलं तर माझं उत्तर एकच, “बघू.” ‘पुट ऑफ’ही त्यात आलं आणि ‘टर्न डाउन’ही. इंग्रजीत ‘स्लीप ऑन इट’ म्हणतात तेव्हा निदान सकाळी उठून उत्तर देणं अपेक्षित असतं.

७. या सगळ्या शब्दजोड्यांची एक वही मी निवृत्तीनंतर सुरू केली. शंभर नोंदी करायच्या, समोर हसनाबादची वाक्यं लिहायची, असा बेत होता. ती त्रेसष्टाव्या नोंदीवर आहे, दोन वर्षांपासून. परवा माळ्यावरची धूळ झाडताना बायकोने वही पुढे केली आणि विचारलं, “अहो, हे सोडून दिलं का? रद्दीत टाकू?”

मी म्हणालो, “बघू.”