चार्ल्सटनचे बंदर आणि 'प्लँटर' आगबोट

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील चार्ल्सटन बंदराविषयी वाचू लागलो, तेव्हा प्रथम मी तांदूळ आणि कापूस यांच्या व्यापाराचीच टिपणे काढली. पुढे लक्षात आले की, या धक्क्यांवर उतरणारा एक मोठा 'माल' म्हणजे जिवंत माणसे होती.

दक्षिण कॅरोलायना राज्यात ॲशले व कूपर या नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे हे बंदर वसले आहे. आसपासच्या भाताच्या मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून धरून आणलेले हजारो गुलाम येथील 'गॅड्सडेन्स वॉर्फ' या धक्क्यावर उतरवले गेले. १ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली. परंतु देशांतर्गत खरेदी-विक्री चालूच राहिली.

याच बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर १२ एप्रिल १८६१ रोजी तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या सैन्याने 'प्लँटर' नावाची कापूस वाहणारी आगबोट आपल्या कामी घेतली. प्लँटर म्हणजे मळेवाला! तिचे सुकाणू मात्र रॉबर्ट स्मॉल्स या तेवीस वर्षांच्या गुलामाच्या हाती होते. बंदरातील वाळूचे दांडे, प्रवाह आणि पेरलेले सुरुंग त्याला तोंडपाठ होते. काम पायलटचे, पण तो हुद्दा गुलामाला मिळत नसे. त्याला 'व्हीलमन', म्हणजे नुसता चाक धरणारा, म्हणत.

१३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपले असताना स्मॉल्सने आगबोट हाकारली. दुसऱ्या धक्क्यापाशी लपलेल्या बायकामुलांना त्याने वर घेतले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली आणि कप्तानाच्या ढबीत तो सुकाणूपाशी उभा राहिला. फोर्ट सम्टरसमोर त्याने ठरलेल्या खुणेची शिटी दिली. पहारेकऱ्यांनी बोट जाऊ दिली. तोफांच्या टप्प्याबाहेर पडताच दक्षिणेचे निशाण उतरले, पांढरी चादर वर चढली, आणि उत्तरेच्या आरमाराच्या 'ऑनवर्ड' जहाजापाशी सोळा माणसे स्वतंत्र झाली. ज्या बंदरातून गुलामगिरी आत आली, त्याच बंदरातून ही माणसे तिच्याबाहेर पडली.

पुढे स्मॉल्स याच आगबोटीचा कप्तान झाला. १८७६ साली अडकलेल्या एका जहाजाच्या मदतीला गेली असता ती नष्ट झाली. तोपर्यंत स्मॉल्स अमेरिकेच्या लोकप्रतिनिधीगृहात पोहोचला होता.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून मला त्याच्या धाडसाइतकीच आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. गुलामगिरीत त्याला अक्षरओळख मिळाली नव्हती; तो सुटकेनंतर लिहावाचायला शिकला. १८६८ साली राज्याची नवी घटना तयार होत असताना सर्व मुलांना मोफत शाळा मिळावी म्हणून तो झटला. १८७३ साली महात्मा फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. त्या वेळी स्मॉल्स दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळात बसत होता. दोघांना एकमेकांची वार्ता असेल असे नाही. पण शाळेचे मोल दोघांनीही सारखेच जाणले होते.

अंगी विद्या असूनही जगाने ज्याला नुसता चाक धरणारा म्हटले, त्यानेच बोट पैलतीराला नेली. वर्गात इतिहास शिकताना राजांच्या आणि सेनापतींच्या नावांसोबत हे नावही आपल्या वहीत असावे, एवढेच मला म्हणायचे आहे.