कान असेल तो भात

पोरी, यंदा खाचरं तू बघणार म्हणालीस, बरं वाटलं. बेणणीला उतरलीस की पहिली गाठ पाखडाशी. पावसाळ्यात उगवून पावसाळ्यातच बी टाकून मोकळं होणारं हे गवत, कोवळेपणी हुबेहूब भात. म्हणून एवढं ध्यानात ठेव.

१. रंगावर जाऊ नकोस – पाखडाचं बूड तांबूस-जांभळं असतं खरं, पण भाताच्या काही जातींचंही असतं.

२. पातं हलकेच मागे वाकव आणि ते खोडाला जिथं बिलगतं तिथं बघ. भाताला तिथं पांढरट, पातळ जिभली आणि दोन्ही बाजूंना बारीक केसाळ कान. पाखडाची जागा साफ गुळगुळीत. कान असेल तो भात, कान नसेल तो घात – बाकी सगळं सोंग त्याला जमतं, एवढंच जमत नाही.

३. घाई नको, तीन-चार पानं येऊ देत – त्याआधी भाताचेही कान नीट दिसत नाहीत. आणि चष्मा घरी विसरू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

४. आधी बांधाकडेला, पाटाच्या तोंडाशी आणि खाचरातल्या उंचवट्यावर शोध – जमीन ओली पण पाण्याबाहेर, ही त्याची आवडती जागा. चिखलणी सपाट करून चार-पाच सेंटिमीटर पाणी राखलंस तर निम्मी बेणणी वाचते, कारण बुडालेलं बी सहसा डोकं वर काढत नाही.

५. तुरा दिसायच्या आत उपट – दाणे भाताच्या कापणीआधीच गळतात, मग पुढच्या सालाची पेरणी फुकट झाली म्हणून समज.

६. उपटलेलं गुरांना घाल, आवडीनं खातात. बी धरलेलं मात्र नको – काही बी शेणातून सहीसलामत परत शेतात येतं.

७. फार शिव्याही देऊ नकोस – आपल्याकडे पेरतात तो सावा याच रानटी गवतातून माणसानं घडवलाय.

८. तळ्याकाठच्या खाचरात माझी म्हण चालवू नकोस – तिथं देवभात येतो, आणि तो रानटी असला तरी भातच, त्याला कान असतात. तो ओळखू यावा म्हणून छत्तीसगडात ‘श्यामला’ हे जांभळ्या पानांचं वाण लावतात. हिरवं दिसलं की उपटायचं. आपल्याकडे लोंबीची लांब कुसळं दिसेपर्यंत थांब, आणि तिथं मला घेऊन जा.