यंत्राची तहान

छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र फार दूर आहे. तरीही या जिल्ह्यातील मुलांना एक सागर ठाऊक असतो. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली व 1976 साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या विस्तीर्ण जलाशयास नाथसागर म्हणतात.

नाथसागर असो की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराबाहेरचा अरबी समुद्र असो, यंत्रनौकेच्या पोटात इंजिन धडधडत असते. जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी काही भागच नौका पुढे ढकलण्याच्या कामी येतो. बरीचशी उष्णता इंजिन तापविते. ती वेळीच काढून घेतली नाही, तर आतील भाग फुगतात, एकमेकांस घासतात आणि यंत्र बंद पडते.

कोणी म्हणेल, "भोवती एवढे पाणी असता चिंता कसली?" परंतु समुद्राचे पाणी खारे. ते इंजिनात खेळविले, तर धातूस गंज चढतो आणि क्षारांचे थर बसून अरुंद वाटा बुजतात. म्हणून पुष्कळ नौकांवर दोन प्रवाह ठेवतात. आतील प्रवाह गोड्या पाण्याचा. त्यात गंज रोखणारी द्रव्ये मिसळतात. या मिश्रणास शीतक अथवा कूलंट म्हणतात. बाहेरील प्रवाह समुद्राच्या पाण्याचा. एका पेटीत हे दोन्ही प्रवाह पातळ नळ्यांच्या आतून व बाहेरून वाहतात. शीतकाची उष्णता समुद्राचे पाणी घेऊन जाते. पाण्यात पाणी मात्र मिसळत नाही.

हे शीतक नौका निघण्यापूर्वी, इंजिन थंड असतानाच तपासावे. टाकीवरील दोन खुणांच्या मध्ये त्याची पातळी असावी. कमी असेल, तर त्याच जातीचे शीतक हळूहळू ओतावे. तापलेल्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. उघड्या भांड्यातील पाणी 100 अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळते. बंद टाकीत दाबामुळे ते त्याहून अधिक तापले तरी द्रवच राहते. झाकण निघताच दाब उतरतो आणि उकळते पाणी व वाफ उसळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनात एकाएकी थंड पाणी ओतणेही घातक. त्याने धातूस तडा जाऊ शकतो.

पातळी वारंवार उतरत असेल, तर केवळ भर घालून भागत नाही; गळती शोधावी लागते. शिवाय अनेक शीतके विषारी असतात. ती पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ठेवू नयेत, जलाशयातही सांडू नयेत.

मुलांनो, रस्त्यावर गाडी बंद पडली, तर माणूस खाली उतरून उभा राहतो. भर समुद्रात इंजिन थांबले, तर नौका वाऱ्याच्या व लाटांच्या स्वाधीन होते. म्हणून जाणता तांडेल आधी टाकीतील पातळी पाहतो, मगच नौकेचा दोर सोडतो. त्या क्षणभराच्या दक्षतेवर साऱ्या खलाशांचे प्राण अवलंबून असतात.

स्वाध्याय
1. समुद्राचे पाणी थेट इंजिनात का खेळवीत नाहीत?
2. तापलेल्या टाकीचे झाकण उघडल्यास काय होते? कारण सांगा.